जोडवर्ग आणि नानांची खुर्ची

चार निवृत्त मास्तर एकत्र आले की आधी गुडघ्यांचा विषय निघतो, मग पेन्शनचा, आणि मग कुणीतरी म्हणतंच, "पाटीलबाई, तुमच्या त्या जोडवर्गाचं सांगा ना!" झालं. मी पदर खोचून बसते. हे किस्से माझ्याकडे कसे साठले, कुणास ठाऊक. मी काही ते गोळा करायला गेले नव्हते. केळीच्या चिकाचा डाग कपड्याला कधी लागतो ते कळत नाही, आणि एकदा लागला की जात नाही, तसंच हे झालंय.

मी मूळची भडगावची. लग्न होऊन सावद्याला आले आणि तिथल्या एका खाजगी शाळेत पहिलीच्या वर्गावर लागले. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. सावदा म्हणजे केळी. मळ्यात केळी, रस्त्यावर केळी, स्टेशनात वॅगनमध्ये केळी. ती कापायला आणि डोक्यावरून वाहायला सातपुड्यापलीकडून, मध्य प्रदेशातून, पावरा-बारेला माणसं यायची. आधी नुसते गडी यायचे. मग बायकापोरांसकट बिऱ्हाडंच यायला लागली, मळ्यांच्या कडेला झोपड्या पडल्या आणि त्यातली काही पोरं आमच्या शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. त्यांची बोली आम्हाला येईना, आमची त्यांना. दोन्हीकडून मोडक्या हिंदीवर काम भागायचं.

आमचे हेडमास्तर चौधरी सर. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं. आम्हीही म्हणायचो, पण माघारी. नानांचं दोन गोष्टींवर प्रेम होतं, शाळेची शिस्त आणि शाळेचा निकाल. त्यातही निकालावर जरा जास्तच.

●

त्या पोरांत एक रुमली होती. अकरा वर्षांची, काटक, बोलायला कमी आणि बघायला जास्त. तिकडे आपल्या गावी ती हिंदीतून तिसरीपर्यंत शिकलेली. पण मराठी येत नाही म्हटल्यावर तिला बसवली पहिलीत! सहा-सहा वर्षांच्या पोरांत ही शेवटच्या रांगेत, गुडघे हनुवटीला टेकवून.

बाकीच्या चिल्ल्यापिल्ल्यांनी दोन दिवसांत ठरवून टाकलं की ही आपली दुसरी बाई. चड्डीची नाडी सुटली की रुमलीकडे, नाक गळलं की रुमलीकडे, बाहेर जायचं असेल तर परवानगी रुमलीची. मी समोर खुर्चीवर बसलेली असायचे, माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं.

एकदा एक पोरगं पडलं, त्याला घेऊन मला दवाखान्यात जावं लागलं. वर्ग उघडा टाकून गेलेली, त्यामुळे जीव थाऱ्यावर नव्हता. परत आले तर व्हरांड्यात नाना पाठीमागे हात बांधून उभे. म्हटलं, आता आपली काही धडगत नाही. पण आत बघते तर वर्ग चिडीचूप, आणि ओढणी घेतलेली एक बाई पाठमोरी उभी राहून फळ्यावर पाढा लिहून घेत होती.

नाना खालच्या आवाजात म्हणाले, "या नव्या बाई कोण? वर्ग छान धरलाय त्यांनी."

"सर, ती विद्यार्थिनी आहे."

"कुठल्या इयत्तेची?"

"याच."

नाना तडक ऑफिसात गेले. मी तशी तापट, त्यात तो दिवस तापायचाच. मागोमाग गेले आणि सांगून टाकलं की या पोरीची जागा पहिलीत नाही, वयाप्रमाणे पाचवीत आहे. तिला आणि तिच्याबरोबरच्या पोरांना मी रोज सकाळी शाळेआधी शिकवते, मला फक्त मागचा व्हरांडा द्या.

नानांनी व्हरांडा दिला, पण अट घालून. होळीच्या सुमारास ते स्वतः रुमलीला तपासणार. उतरली तर जूनमध्ये पाचवीत. नाही उतरली तर ती परत पहिलीत, आणि माझा वर्ग बंद.

रुमलीला मी हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, परत पहिलीत बसवलं तर ती बसणार नाही. सरळ मजुरांच्या टोळीत जाईल आणि केळी वाहील. धमकी नव्हती ती, तिने शांतपणे ठरवलेलं होतं. म्हणून मला जास्त धास्ती वाटली.

●

तर पोरांना त्यांच्या वयाच्या वर्गाशी जोडून देणारा हा जोडवर्ग सुरू झाला आणि पहिल्या दिवशी आली चारच पोरं! बाकीची का आली नाहीत? तर आई-बाप पहाटेच कापणीला जातात आणि धाकट्या भावंडांना मोठ्यांनी सांभाळायचं असतं. मी म्हटलं, मग त्यांनाही आणा.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या कडेवर एक. रुमलीने व्हरांड्याच्या खांबांना लुगड्याच्या झोळ्या बांधल्या आणि तान्ही त्यात टाकली. इकडे मी बाराखडी सांगत्येय, तिकडे झोळ्या झुलतायत. बरं चाललं होतं. तेवढ्यात नाना फेरीला आले.

ही शाळा आहे की बाळंतिणींचा दवाखाना, असं त्यांनी विचारलं आणि सगळ्या झोळ्या तिथल्या तिथे सोडायला लावल्या. आम्ही सोडल्या. जमिनीवर ठेवल्याबरोबर सगळी तान्ही एकदम रडायला लागली. आणि व्हरांड्याला लागूनच दहावीचा वर्ग, तिथे सकाळचा जादा तास चालू. दहावी म्हणजे शाळेचा निकाल!

नाना गेटपर्यंत गेले होते ते उलटपावली धावत आले. "बांधा! आधी त्या झोळ्या बांधा!"

मग झोळ्या हलवायला आमचा शिपाई सुपडूभाऊ नेमला गेला. आधी तो फार कुरकुरला. नंतर त्याने सगळ्या झोळ्यांना दोऱ्या लावल्या, त्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळल्या आणि बसल्या बसल्या तंबाखू मळत सगळ्यांना झोके द्यायला लागला. पुढे त्याच्या भाच्याचं लग्न निघालं. मी म्हटलं, सुपडूभाऊ, जाऊन या की दोन दिवस. तर म्हणतो, "मले सुट्टी नको, बाई. लेकरायले कोन झुलवीन?"

●

चिकाचा डाग मघाशी म्हटलं ना, त्याचीही एक गंमत आहे.

केळीचा घड कापला की त्यातून पाण्यासारखा चीक गळतो. लागला तेव्हा दिसत नाही, वाळला की काळपट तपकिरी होतो आणि मग शर्ट फाटेपर्यंत तसाच राहतो. माझ्या पोरांचे शर्ट असेच. सकाळी आई-बापाबरोबर दोन घड उचलूनच ती शाळेत यायची. आणि नानांचा नियम असा, की डागाळलेल्या कपड्याने प्रार्थनेच्या रांगेत उभं राहायचं नाही. त्यामुळे माझी पोरं रोज बाजूला, भिंतीशी.

मी लिंबू लावून पाहिलं, ताक लावून पाहिलं, रॉकेल लावून पाहिलं. रॉकेलने डाग गेला नाही, शर्टाला वास मात्र आठवडाभर राहिला. शेवटी एका सकाळी माझं डोकं फिरलं. प्रार्थनेच्या वेळी पुढे गेले आणि सगळ्यांदेखत म्हटलं, सर, नियम सगळ्यांना सारखा असू द्या. नाना म्हणाले, अर्थातच. आणि मोठ्या आवाजात जाहीर केलं, की ज्याच्या कपड्यावर चिकाचा डाग असेल त्याने बाजूला व्हावं.

आता सावद्यात हे बोलायचं म्हणजे काय! आधी दोन-चार बागायतदारांची पोरं लाजत निघाली. मग अख्खी सातवी हलली. मग आठवी-नववी. गणिताचे मास्तर हळूच खाली मान घालून भिंतीशी जाऊन उभे राहिले. सुपडूभाऊ घंटेचा हातोडा हातात घेऊनच त्यांच्या शेजारी गेला. रांगेत उरली तलाठ्याची मुलगी आणि बदलीवर आलेल्या पोस्टमास्तरांचे दोघे.

सगळ्यांचे डोळे आता पायरीवर उभ्या असलेल्या नानांकडे. नानांच्या घरचा पंधरा एकरांचा मळा, रोज पहाटे चक्कर मारूनच ते शाळेत यायचे. त्यांनी स्वतःच्या पांढऱ्या शर्टाची बाही पाहिली. कोपरापाशी हा एवढा डाग! त्यावर त्यांनी दुसरा हात ठेवला आणि म्हणाले, "प्रार्थना सुरू करा."

●

नानांचं एक तत्त्व मात्र मला मनापासून आवडायचं. पालक कुणीही असो, बागायतदार असो की मजूर, त्यांच्या ऑफिसात तो उभा राहणार नाही. आधी खुर्चीवर बसायचं, मग बोलायचं. हात जोडून दारात उभ्या राहिलेल्या माणसाशी ते बोलतच नसत.

मी रुमलीच्या वडिलांना, रेमसिंगभाऊंना, निरोप दिला की हेडमास्तरांना येऊन भेटा. रेमसिंगभाऊ टोळीचे पुढारी. टोळीची कामाची एक रीत असते. डोक्यावर घड घेऊन एकामागे एक ओळीने चालायचं. पुढचा चालला की सगळे चालणार, पुढचा थांबला की सगळे थांबणार. ओळ मोडायची नाही. आणि एकाला बोलावणं आलं की ते सगळ्यांना आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकातून रेमसिंगभाऊ आत आले. डोक्यावर चुंबळ तशीच. त्यांच्या मागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा, मागे बायका. रेमसिंगभाऊ नानांच्या टेबलासमोर जाऊन थांबले तेव्हा ओळीचं शेपूट पाण्याच्या टाकीपाशी होतं.

नाना म्हणाले, बसा. रेमसिंगभाऊंनी मागे वळून पाहिलं. सगळे बसल्याशिवाय ते बसणार नाहीत, हे कुणालाही कळलं असतं. आणि ते बसल्याशिवाय नाना बोलणार नाहीत. आता आली का पंचाईत!

सुपडूभाऊ पळाला. आधी स्टाफरूममधल्या खुर्च्या आल्या. मग वर्गावर्गांतल्या. मग प्रयोगशाळेतली स्टुलं, मग समोरच्या पिठाच्या गिरणीतला बाक, मग मंडपवाल्याकडच्या घडीच्या खुर्च्या. त्या दिवशी सगळे मास्तर उभ्याने शिकवत होते. इतकं करून शेवटी एक म्हातारे आजोबा राहिलेच. सुपडूभाऊ घाम पुसत आला आणि म्हणाला, सर, आता गावात तुमचीच तेवढी खुर्ची उरली.

नाना उठले. स्वतःची खुर्ची त्या आजोबांकडे सरकवली आणि पालकसभा उभ्याने घेतली.

सभेत रेमसिंगभाऊंनी एकच विचारलं, रुमली पाचवीत कधी बसणार? नाना म्हणाले, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा घेईन, तेव्हा वडिलांनी जातीने हजर राहायचं. रेमसिंगभाऊ क्षणभर थबकले. आपल्या माणसांकडे पाहिलं. मग मान डोलावली, आणि ओळ जशी आली होती तशी निघून गेली.

●

पोरं शिकताहेत म्हटल्यावर आया कशा मागे राहतील? रुमलीची आई सायकीबाई एका संध्याकाळी दहाबारा जणींना घेऊन आली. मी अ-आ-इ काढायला लागले, तर म्हणाली ते नको. बसवरची पाटी वाचायला शिकवा. जळगावला दवाखान्यात जायचं तर कुठली बस ते विचारावं लागतं, कुणी नीट सांगत नाही, कुणी हसतं. बरोबर होतं तिचं. म्हणून मी पहिला शब्द शिकवला, सावदा. महिनाभर तेवढंच. पाटीवर, मातीत, बोटाने हवेत, सावदा, सावदा.

मग सगळ्यांना घेऊन जळगावला गेले. बाजार केला, आणि परत निघताना स्टँडवर एका बाकावर बसून म्हटलं, आता तुम्ही मला घरी न्या.

बायकांनी पाट्या बघत बघत एक बस हुडकली. पाटी सावद्याची. सगळ्या चढल्या, मी चढले, गाठोडी ठेवली. थोड्या वेळाने कंडक्टर येऊन म्हणतो, उतरा, ही बस आत्ता सावद्याहून आलीय, आता धुवायला जाणार आहे, पाटी बदलायची राहिली.

सायकीबाई खाली उतरली, पुढे जाऊन पाटीवर एकेका अक्षराखाली बोट फिरवलं आणि परत येऊन जागेवर बसली. कंडक्टरने पुन्हा समजावलं. ती म्हणाली, "फिर लिखा काय को?"

कंडक्टरने ड्रायव्हरला बोलावलं, ड्रायव्हरने स्टँडवरच्या साहेबांना. साहेब मला म्हणाले, बाई, तुम्ही शिकलेल्या दिसता, तुम्ही सांगा यांना. मी म्हटलं, मला यातलं काही कळत नाही, मी यांच्याबरोबर आलेय. एव्हाना सावद्याला जाणारे आणि तासभर ताटकळलेले लोक आमच्या बाजूने बोलायला लागले होते. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि ती बस जादा गाडी म्हणून सोडली. लोक दारातून, खिडकीतून चढले. एका म्हाताऱ्याने तर सायकीबाईला बसमध्येच पाया पडू का विचारलं.

पुढच्या संध्याकाळी बायका आल्या आणि म्हणाल्या, आता जळगाव शिकवा. जातानाही तर भांडावं लागेल.

●

हा अगदीच छोटा. एकदा तपासणीला साहेब आले. नानांनी पोरांना बजावलं होतं, साहेबांसमोर शुद्ध मराठी बोला. आता पोरं मराठी शिकली कुणाकडून? माझ्याकडून. आणि मी कुठली? भडगावची! रागावले की माझी अहिराणी सुटते, आणि वर्गात मी बहुतेक वेळ रागावलेलीच असायचे.

साहेबांनी रुमलीला विचारलं, शिकवलेलं समजतं का? रुमली उभी राहिली आणि खणखणीत म्हणाली, "बठ्ठं समजस, साहेब!"

नानांनी डोळे मिटून घेतले. मी छताकडे बघत होते. साहेबांनी शेरा लिहिला, तोही अगदी पुस्तकी मराठीत. पण जाताना माझ्याजवळ थांबले आणि कानाशी अहिराणीतच म्हणाले, "मी नरडाण्याकडला शे, बाई. भारी चालू शे तुमनं."

●

आता होळीचं सांगते.

होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्याचे, म्हणजे खरेदीचे आणि नाचगाण्याचे, बाजार भरतात आणि पावरा माणूस जगात कुठेही असो, डोंगरात आपल्या घरी जातो. मालक ओरडोत, केळी पिकून पडोत. एका सकाळी वर्गात आले तर व्हरांडा मोकळा. एक पोर नाही. सुपडूभाऊ मळ्याकडे जाऊन आला. झोपड्या बंद, एक कोंबडी तेवढी फिरत होती.

परीक्षा धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, आणि डोंगरात तर होळीनंतरही मेळे चालू असतात. सभेत रेमसिंगभाऊ का थबकले होते, ते मला तेव्हा कळलं. नानांकडे गेले आणि म्हटलं, तारीख पुढे ढकला. नाना म्हणाले, तारीख सगळ्यांसमोर ठरली होती, त्यांनी मान डोलावली होती. आली तर आली. मी त्या दिवशी नानांना मनात काय काय म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही. रेमसिंगभाऊंनाही सोडलं नाही. वर्षभर रोज सकाळी घसा फोडला तो काय एका नाचापायी फुकट जाणार होता?

परीक्षेच्या सकाळी मी शाळेच्या फाटकाशी उभी. दहा वाजले. नानांनी ऑफिसातून एकदा डोकावून पाहिलं. सुपडूभाऊ माझ्याकडे बघेना. साडेदहा होत आले, आणि बऱ्हाणपूरच्या रस्त्याने घुंगरांचा आवाज आला.

केळी पोचवून रिकामा परतणारा ट्रक फाटकाशी थांबला. मागून आधी रुमली उतरली. केसांना तेल, दोन वेण्या, शाळेचा गणवेश, हातात दप्तर. आणि तिच्यामागून उतरले रेमसिंगभाऊ. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, उघड्या अंगावर राख आणि पांढरे ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरांचा पट्टा. पाऊल टाकलं की छन्! अख्खी शाळा खिडक्यांना लटकली.

मी धावत पुढे गेले. त्यांनी सांगितलं ते असं. होळीला मानता, म्हणजे नवस, घेतलेला माणूस या वेशात नाचतो. मानतेचे दिवस संपेपर्यंत हा वेश उतरवायचा नाही, अंघोळ करायची नाही, पायात काही घालायचं नाही आणि खाटेवर-खुर्चीवर बसायचं नाही. रात्रभर मेळ्यात नाचून ते तसेच पोरीला घेऊन निघाले होते, आणि परीक्षा झाली की त्याच ट्रकने मेळ्याला परत जाणार होते. हेडमास्तरांनी जातीने यायला सांगितलं होतं ना, म्हणून आले.

आता सांगा! नानांच्या ऑफिसात पालक खुर्चीवर बसल्याशिवाय बोलणं नाही, आणि या पालकाला खुर्चीवर बसायला बंदी.

ऑफिसात शिरले तेव्हा टोप दाराच्या चौकटीला लागला. नानांनी सवयीने खुर्चीकडे हात केला. रेमसिंगभाऊंनी मान हलवली आणि ते जमिनीवर बसले. मी नानांना कारण सांगितलं. नानांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, घातला. मग उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि रेमसिंगभाऊंच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले. नानांना जमिनीवर बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

परीक्षा सुरू झाली. नानांनी चौथीचं पुस्तक मधूनच उघडून दिलं. रुमलीने वाचलं. भागाकार घातला, तिने सोडवला. आणखी अवघड घातला, तोही सोडवला. शुद्धलेखन झालं, पाढे झाले. मग नानांनी भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशाकडे बोट केलं आणि नद्या विचारल्या. तिने तापी दाखवली, गिरणा दाखवली, वर सातपुडा दाखवला. नाना म्हणाले, तुझं गाव दाखव. रुमलीने बोट सातपुड्यावरून वर नेलं. नकाशा संपला. तिचं बोट चौकटीच्या वर गेलं आणि नुसत्या भिंतीवर, चुन्यावर, एका जागी थांबलं.

"इथे," ती म्हणाली.

माझे डोळे भरून आले, आणि मला वाटलं, आता झालंच काम. पण नाना म्हणाले, पोरगी हुशार आहे, यात वाद नाही. पण पाचवीला सगळे विषय नवे. घेतली आणि वार्षिकला घसरली, तर वर्गाचा निकाल खाली जाईल. आधी एक वर्ष चौथीत बसवू, मग बघू.

रुमलीचं तोंड एवढंसं झालं. रेमसिंगभाऊंनी मला विचारलं, साहेब काय म्हणतात? मी मोडक्या हिंदीत सांगितलं. ते नानांकडे वळून म्हणाले, "साहब, ये मानता रुमली के वास्ते ली थी. पाचवी में बैठेगी, इसके वास्ते."

नाना चमकले. ते स्वतः देवाधर्माचे, नवस म्हणजे काय ते त्यांना सांगायला नको होतं. म्हणाले, अहो पण नवस आधी बोलायचा असतो, काम झालं की मग फेडायचा. अजून तर तिला घेतलीच नाही.

रेमसिंगभाऊ म्हणाले, "हमने पहले ही फेड दी. अब तुम देखो."

रेमसिंगभाऊंच्या श्वासाबरोबर बारीक घुंगरू हलत होते. नानांनी दाराकडे तोंड करून हाक मारली, "सुपडू, पाचवीत एक बाक वाढव रे."

परत जाताना रेमसिंगभाऊ फाटकापासून ट्रकपर्यंत नाचत गेले. अख्खी शाळा टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू, हात लाल होईपर्यंत.

●

आता शेवटचा.

रुमली पाचवीत बसली. तिच्यामागून जोडवर्गाची आणखी पोरं आपापल्या वयाच्या वर्गांत गेली. वर्षअखेरी पाचवीचा निकाल शंभर टक्के लागला आणि रुमली वर्गात तिसरी आली. पेढे वाटले, गावभर कौतुक झालं. श्रेय सगळे मला देतात आणि मी ते घेतेही. पण मला सांगायचंय ते त्या निकालाच्या आधीच्या होळीचं.

वार्षिक परीक्षेला महिना उरला होता. मी सहीसाठी नानांच्या ऑफिसाकडे गेले तर दाराबाहेर त्यांच्या चपला. आत खुर्ची भिंतीशी सरकवलेली आणि नाना जमिनीवर सतरंजी टाकून बसलेले, समोर पाटावर कागद. मला वाटलं, कंबर धरली असेल. सही घेतली आणि आले.

दुसऱ्या दिवशीही तेच. चपला बाहेर, नाना खाली. अंगात कालचाच शर्ट. ज्यांच्या इस्त्रीची घडी संध्याकाळपर्यंत मोडत नसे, त्या नानांच्या अंगात कालचा शर्ट! स्टाफरूममध्ये चर्चा सुरू झाली. कुणी म्हणे कंबर, कुणी म्हणे मूळव्याध, कुणी म्हणे घरी भांडण. संस्थेचे अध्यक्ष आले, नानांनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः खालीच बसून राहिले. अध्यक्षांना वर बसवेना. तेही हळूच खाली उतरले.

मी सुपडूभाऊला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, "मले काय माहीत, बाई." आणि पाचवीच्या वर्गाच्या खिडकीकडे बघत बसला.

त्या वर्षी परीक्षा जवळ म्हणून रुमली डोंगरातून लवकर परत आली होती. वर्गात जाताना ऑफिसाच्या दारावरून निघाली आणि नानांच्या चपला पाहून थांबली. आत डोकावली. सतरंजीवर बसलेले नाना तिला दिसले, भिंतीशी सरकवलेली खुर्ची दिसली. तिने पायांतल्या चपला काढल्या आणि दारात तशीच उभी राहिली.

नानांनी मान वर करून पाहिलं. मग चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "वर्गात जा. परीक्षा तोंडावर आली आहे."